स्टीलची रोड आणि ट्रॅक सायकल: दुरुस्ती, जुळणी आणि चालवणं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या स्टील सायकलीवर काम करताना जोर कमी आणि मोजमाप जास्त लागतं. बेअरिंगचे दोन कप दिसायला अगदी सारखे असतात, पण एकाचे आटे सुलटे आणि दुसऱ्याचे उलटे. दोन टायरवर जवळपास सारखाच आकडा असतो, पण एक रिमवर बसतो आणि दुसरा काही केल्या बसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या सायकलींमध्ये वापरून झिजलेल्या कमी असतात. न मोजता पाना लावल्यामुळे बिघडलेल्याच जास्त. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत व्हर्निअर कॅलिपर आधी येतो आणि हातोडी शेवटी.

माझी सायकल स्टीलची आहे का? आणि असलीच तर कोणत्या दर्जाची?

लोहचुंबक चिकटला तर स्टील. दर्जा कळायला मात्र थोडा हिशेब करावा लागतो. मूळ स्टिकर शाबूत असेल तर काम सोपं. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची ५३१ ही नळी १९३५ साली आली आणि पुढे कित्येक वर्षं रेसिंग फ्रेमसाठी वापरात राहिली. इटालियन फ्रेमवर मिलानच्या कोलंबसचं नाव दिसतं, जपानी फ्रेमवर तांगेचं. पण पुन्हा रंगवलेल्या फ्रेमवर स्टिकर उरत नाही, आणि नवा स्टिकर कुणीही चिकटवू शकतं. अशा वेळी सीट पोस्ट (सीट ज्यावर बसते तो दांडा) बाहेर काढून त्याचा व्यास मोजा. बहुतेक फ्रेमची सीट ट्यूब, म्हणजे पोस्ट जिच्यात उतरतो ती नळी, बाहेरून २८.६ मि.मी. असते. पोस्ट २७.२ चा निघाला तर नळीची भिंत वरच्या टोकाला जेमतेम ०.६ मि.मी. आहे, म्हणजे चांगल्या मिश्र पोलादाची नळी. २६.८ चा असेल तर भिंत साधारण ०.८. पोस्ट २६ च्याही खाली गेला की नळी जाड आणि साधी आहे असं समजा. जुन्या फ्रेंच फ्रेमला हा हिशेब लावू नका, त्यांची सीट ट्यूबच २८ ची असते.

महागडं स्टील जास्त ताठ असतं, हा एक पक्का रुजलेला गैरसमज आहे. नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी सारखी असेल तर साधं स्टील आणि भारी स्टील जवळजवळ सारखंच लवतं. भारी स्टीलची ताकद जास्त असते, त्यामुळे त्याची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन तिथे वाचतं. सांध्यापाशी जाड आणि मध्ये पातळ अशा 'बटेड' नळीचं पेटंट १८९७ चं आहे, आणि ती कल्पना अजूनही तशीच चालते.

जुनी फ्रेम घेण्याआधी काय तपासू?

सगळ्यात आधी डाउन ट्यूबची (हँडलखालून पॅडलकडे तिरकी उतरणारी नळी) खालची बाजू, हेड ट्यूबच्या (फोर्क जिच्यात फिरतो ती पुढची छोटी नळी) मागे दोन-तीन इंचांवर. तिथून बोट फिरवा. समोरून धडकलेल्या सायकलीच्या नळीला याच जागी सुरकुती पडते. डोळ्यांना दिसली नाही तरी बोटाला लागते. रंगाला आडवी तडही इथेच जाते. मग बाजूने उभं राहून फोर्क बघा: फोर्कच्या दांड्यांचा वरचा सरळ भाग हेड ट्यूबच्या रेषेतच उतरला पाहिजे, मागे ढकलल्यासारखा दिसता कामा नये.

यानंतर मागचे ड्रॉपआउट (चाकाची एक्सल बसते त्या खाचा) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे क्रँक जिथे फिरतात तो भाग) आजूबाजूचे सांधे. ताणाने येणाऱ्या बारीक भेगा तिथून सुरू होतात. शेवटी सीट पोस्ट आणि हँडलचा स्टेम हलतो का ते बघा. दोन्ही हलत असतील तर फ्रेमचं अर्धं आयुष्य नीट गेलंय असं मी धरतो.

गंज दिसतोय. फ्रेम गेली का?

बहुतेक वेळा नाही. वरवरचा तांबूस गंज भीतीदायक दिसतो, पण नळीला फारसा धक्का लावत नाही. खरी काळजी आतल्या गंजाची. पाणी सीट ट्यूबमधून उतरतं आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये साचतं, त्यामुळे तळाचा भाग आणि चेन स्टेच्या (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) सुरुवातीची जागा आधी खाल्ली जाते. बॉटम ब्रॅकेट काढून आत टॉर्च मारा. पापुद्रे सुटत असतील आणि तारेच्या ब्रशने खरवडल्यावर खड्डे दिसत असतील तर फ्रेम जाणकार फ्रेम बनवणाऱ्याला दाखवा.

लहान भाग आणि क्रोम केलेले तुकडे ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात ठेवले की गंज सुटतो. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवून लगेच कोरडं करून तेल लावा. फ्रेमच्या आतून जवसाचं उकळलेलं तेल फिरवून सुकवणं हा जुना आणि चांगला उपाय आहे. पण त्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळी पसरून वाळवा.

सीट पोस्ट अजिबात हलत नाही. काय करू?

ॲल्युमिनियमचा पोस्ट आणि स्टीलची नळी यांच्यामध्ये ओल राहिली की ॲल्युमिनियमचं ऑक्साइड तयार होतं. ते फुगतं आणि पोस्ट नळीत आवळून धरतं. हा सांधा वर्षानुवर्षं बसलेला असतो, तेव्हा तो एका संध्याकाळी सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका.

बोल्ट पूर्ण काढा. फटीत भेदक तेल सोडा. मग बॉटम ब्रॅकेट काढून, सायकल उलटी करून खालूनही सोडा. असं दोन-तीन दिवस करत राहा. त्यानंतर सरळ वर ओढू नका, पोस्ट फिरवा. जुनं सीट पोस्टवर घट्ट आवळून ते दोन्ही हातांनी फिरवायचं, किंवा पोस्टचं टोक बाकावरच्या शिकंज्यात धरून अख्खी फ्रेमच फिरवायची. फ्रेमची लांबी इथे पान्याच्या दांड्यासारखी उपयोगी पडते, म्हणून हळूच जोर लावा. पातळ नळी पिळली जाऊ शकते.

तरीही हलला नाही तर पोस्टच्या आत बर्फ भरा. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट आकुंचन पावतं, आणि तेवढ्या केसभर फरकाने कधीकधी पकड सुटते. याच कारणामुळे नळी तापवणं फारसं कामाचं नाही, कारण पोस्टही तापतो आणि जास्त फुगतो.

शेवटचा मार्ग करवतीचा. पोस्ट वरून कापायचा, हॅकसॉचं पातं आत घालून पोस्टच्या भिंतीला उभी चीर पाडायची आणि तो आतल्या बाजूला दुमडून काढायचा. तासन्‌तास लागतात, आणि नळीला पातं लागू न देणं हीच सगळी मेहनत असते. काही जण कॉस्टिक सोड्याने पोस्ट विरघळवतात. ते रसायन स्टीलला सोडतं हे खरं. पण ते खूप तापतं, त्यातून हायड्रोजन वायू निघतो, रंग जातो आणि एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. घरी करू नका.

नवा पोस्ट घालताना ग्रीस लावा आणि वर्षातून एकदा बाहेर काढून पुसा.

फ्रेमच्या मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर १२६ मि.मी. आहे आणि चाक १३० चं. बसेल का?

ट्रॅकच्या (सायकल शर्यतीच्या गोल मैदानावरच्या) आणि जुन्या पाच स्पीडच्या फ्रेम १२० मि.मी., सहा-सात स्पीडच्या १२६, आणि आठ स्पीडपासून पुढच्या रोड फ्रेम १३०. स्टील लवचीक असल्यामुळे १२६ च्या फ्रेममध्ये १३० चं चाक हाताने फाकवून बसतं. एका बाजूला दोनच मिलिमीटर येतात. रोज चाक काढणाऱ्याला हे त्रासदायक वाटतं, तेव्हा फ्रेम थंडच कायमची फाकवून घेता येते. हे फक्त स्टीलला चालतं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनला नाही.

पद्धत अशी. हेड ट्यूबला वळसा घालून दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत ताणून दोरा बांधा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. ती दोन अंतरं सुरुवातीलाच सारखी नसतील तर फ्रेम आधीच एका बाजूला गेली आहे. मग एक लांब, जाड लाकडी पट्टी मागच्या त्रिकोणातून घालून सीट ट्यूबच्या मुळाशी टेकवा आणि एकेक बाजू वेगळी दाबा. आटे असलेल्या दांड्याने दोन्ही बाजू एकदम फाकवण्याचा मोह होतो, पण तसं केलं तर नरम बाजू जास्त वाकते आणि ताठ बाजू जागची हलत नाही. स्टील परत उसळतं, त्यामुळे हव्या अंतराच्या बरंच पुढे जावं लागतं. थोडं दाबा, मोजा, पुन्हा दाबा. दोऱ्याची दोन्ही अंतरं सारखी राहिली पाहिजेत.

एवढ्यावर काम संपत नाही. फाकवल्यावर दोन्ही ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत. तसंच चाक आवळलं तर एक्सलवर तिरका ताण येतो, आणि 'एक्सल सारखी तुटते' अशी तक्रार पुढे येते. ड्रॉपआउट सरळ करून घ्या, डिरेल्युअरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगर, म्हणजे तो जिथे अडकवतात तो कान, तोही तपासा. हँगरला १० मि.मी.चे, १ मि.मी. पिचचे आटे असतात. मागच्या बऱ्याच चाकांच्या एक्सलला नेमके हेच आटे असतात. दुसऱ्या चाकाची एक्सल हँगरमध्ये फिरवून बसवली की दोन चाकं शेजारी-शेजारी समांतर दिसतात की नाही, ते नुसत्या नजरेने कळतं.

बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप निघत नाही.

बहुधा तुम्ही तो आणखी घट्ट करताय. आधी शेलची, म्हणजे कप ज्यात बसतात त्या आडव्या नळीची, रुंदी मोजा. ६८ मि.मी. असेल तर इंग्लिश माप असण्याची शक्यता जास्त: उजव्या कपाला उलटे आटे, म्हणजे उजवीकडून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. ७० मि.मी. निघाली तर इटालियन, तिथे दोन्ही कप सुलट्या आट्यांचे. गोंधळ फ्रेंच आणि स्विस मापांचा. दोन्हींत कप ३५ मि.मी.चा, पण फ्रेंचचा उजवा कप सुलटा आणि स्विसचा उलटा. इंग्लिश कप आट्यांवरून ३४.८ मि.मी. भरतो, इटालियन ३६. डावा कप चारही पद्धतींत नेहमीसारखाच सुटतो, म्हणून तो आधी काढा, मोजा, आणि मगच उजव्याला हात लावा.

इंग्लिश कप गंजून बसला असेल तर मोठ्या नटबोल्टची युक्ती करा. जाड बोल्ट बाहेरून कपाच्या भोकातून घाला, दोन्ही बाजूंना वॉशर, आत नट. आतला नट धरून बोल्ट कचकचीत आवळा, मग लांब दांड्याच्या पान्याने बोल्टचं डोकं घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा. बोल्ट आवळला जाण्याची आणि कप सुटण्याची दिशा एकच, त्यामुळे जितका जोर लावाल तितकी पकड वाढते. इटालियन कपाला ही युक्ती लागू नाही, तिथे दिशा एकमेकींच्या विरुद्ध जातात.

पॅडलचं पण असंच असतं ना?

हो. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात. दिशा पाठ करायची गरज नाही: पाना क्रँकच्या वर उभा धरा. सायकलच्या पुढच्या दिशेला ढकलला तर घट्ट, मागे ओढला तर सैल. दोन्ही बाजूंना हेच. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय पॅडल बसवू नका.

छर्रे कोणत्या मापाचे आणि किती?

बॉटम ब्रॅकेटला पाव इंचाचे, छर्रे धरून ठेवणारा पिंजरा नसेल तर प्रत्येक बाजूला ११. मागच्या हबला पाव इंचाचे ९. पुढच्या हबला बहुतेक वेळा ३/१६ इंचाचे १०. जुन्या कॅम्पॅग्नोलोच्या पुढच्या हबमध्ये ७/३२ चे ९ सापडतात. जुने छर्रे फेकण्याआधी मोजा, आणि बदलायचे तर सगळे एकदम बदला. नव्या-जुन्याच्या मिश्रणात सगळा भार थोड्याशा मोठ्या असलेल्या नव्यांवर येतो.

हबचे कोन (छर्ऱ्यांवर दाबून बसणारे एक्सलवरचे निमुळते नट) किती आवळू?

चाक नटांनी बसत असेल तर डगडग नेमकी संपेल आणि एक्सल बोटांनी मोकळी फिरेल इतका. क्विक रिलीज असेल तर थोडी डगडग मुद्दाम ठेवा. लिव्हर बंद केल्यावर पोकळ एक्सल किंचित दाबली जाते आणि ती डगडग तिथे संपते. बाकावर अगदी बरोबर वाटणारा कोन फ्रेममध्ये गेल्यावर जास्त घट्ट होतो आणि काही महिन्यांत कोनला खड्डे पडतात. ज्यांचे कोन वारंवार जातात त्यांच्याकडे बहुतेकदा हेच झालेलं असतं.

हँडल सरळ ठेवलं की खटकन अडकतं.

हेडसेटच्या (हेड ट्यूबमधलं फोर्कचं बेअरिंग) खालच्या वाटीला खळगे पडलेत. फार जास्त नसतील तर पिंजरा काढून सुटे छर्रे भरा. सुटे जास्त संख्येने मावतात, त्यामुळे सगळे एकाच वेळी जुन्या खळग्यांत बसत नाहीत. तात्पुरता उपाय आहे, पण चांगला चालतो. नवा हेडसेट घेताना फोर्कवरच्या क्राउन रेसची (हेडसेटची सगळ्यात खालची कडी) जागा मोजा. २६.४ आणि २७.० अशी दोन मापं प्रचलित आहेत आणि डोळ्यांना त्यांतला फरक दिसत नाही.

कॉटर पिन (जुन्या सायकलीत क्रँक एक्सलवर धरणारी पाचर) पुन्हा पुन्हा सैल होते.

कारण ती नटाने आवळली जातेय. पिन नटाने ओढून बसवायची नसते. ती ठोकून किंवा दाबयंत्राने पूर्ण बसवायची आणि नट फक्त तिला जागेवर धरतो. ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडी नळकांड्याचा आधार द्या, नाहीतर प्रत्येक घाव छर्ऱ्यांवर जातो. दोन पिना एकमेकींच्या उलट बाजूंनी घालायच्या, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत.

चौकोनी एक्सलचा क्रँक कुरकुरतो.

लगेच उतरा आणि बोल्ट आवळा. ३५ ते ४० न्यूटन मीटर लागतात, लहान पान्याने तेवढा जोर लागत नाही. सैल क्रँकवर काही किलोमीटर गेलात की ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल व्हायला लागतं आणि मग तो क्रँक कशानेच वाचत नाही. एक्सल बदलताना जपानी आणि आयएसओ हे दोन उतार वेगळे आहेत हे ध्यानात ठेवा. आयएसओ क्रँक जपानी एक्सलवर साधारण ४.५ मि.मी. बाहेर बसतो आणि चेनची रेषा बिघडते.

चेन कधी बदलायची?

पट्टी लावा. नव्या चेनचे बारा पूर्ण इंच म्हणजे ३०४.८ मि.मी., पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. १.६ मि.मी. वाढली की चेन बदला. ३.२ वाढेपर्यंत थांबलात तर मागची चक्रंही बदलावी लागतील, कारण त्यांचे दात लांबलेल्या चेनप्रमाणे झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांवरून उडते.

चाकाचा आउट घरी काढता येतो का?

येतो, आणि प्रत्येकाने शिकावा असं हे काम आहे. आधी एक गोष्ट समजून घ्या. चाकावर भार येतो तेव्हा वरचे आरे हब 'लटकवून' धरतात असं वाटतं. प्रत्यक्षात वरच्या आऱ्यांचा ताण फारसा वाढत नाही. जमिनीला टेकलेल्या भागातल्या खालच्या आऱ्यांचा ताण कमी होतो. म्हणजे दर फेरीला प्रत्येक आरा एकदा सैल आणि एकदा घट्ट होतो. मुळातच सैल बांधलेला आरा पूर्ण ढिला पडतो, हबपाशी वाकलेल्या जागी हलतो आणि तिथेच थकून तुटतो. आरे तुटण्याचं कारण बहुतेक वेळा कमी ताण असतं, जास्त ताण नाही.

म्हणून आउट काढताना फक्त डावी-उजवीकडची लचक बघू नका. आरे जोडीजोडीने दाबून किंवा छेडून ताण ऐका. एका बाजूच्या आऱ्यांचा सूर जवळपास एकच हवा. मागच्या चाकात उजवीकडचे आरे जास्त ताणलेले असतात, ते बरोबरच आहे. रिम डावीकडे गेली असेल तर त्या जागी उजवीकडून येणारे आरे आवळा आणि डावीकडून येणारे तेवढेच सैल करा. एका वेळी पाव फेरी. टायरच्या बाजूने बघताना निपल घड्याळाच्या दिशेने फिरवली की आरा आवळतो. जास्त आवळताना आरा स्वतःच पिळला जातो, तेव्हा हव्या जागेच्या थोडं पुढे नेऊन मागे आणा. शेवटी समांतर आऱ्यांच्या जोड्या हाताने जोरात आवळून दाबा आणि पुन्हा तपासा. चाक पहिल्या राइडमध्येच बिघडत असेल तर ही शेवटची पायरी राहिलेली असते.

रिम खड्ड्यात आपटून मुळातच वाकली असेल तर आऱ्यांनी ती सरळ दिसेल, पण ताण असमान होईल. ते चाक टिकत नाही.

२७ इंचाच्या चाकांऐवजी ७०० सी लावता येतील का?

बहुतेक वेळा हो. टायर ज्या कड्यावर बसतो त्याचा व्यास २७ इंचाला ६३० आणि ७०० सीला ६२२ मि.मी. म्हणजे ब्रेकचे रबर ४ मि.मी. खाली यायला हवेत. ब्रेकच्या फटीत तेवढी जागा शिल्लक आहे का बघा. टायर घेताना इंचावर जाऊ नका, बाजूला छापलेला '३२-६३०' असा जोडआकडा वाचा. २८ गुणिले दीड इंचाच्या रोडस्टर टायरचा व्यास ६३५ आहे, तोही वेगळाच.

ब्रेक लागत नाहीत आणि किंचाळतात.

क्रोम केलेली स्टीलची रिम असेल तर पावसात ती थांबणारच नाही. ॲल्युमिनियमच्या रिम लावणं ही जुन्या सायकलीत करता येणारी सगळ्यात मोठी सुधारणा आहे. त्याखालोखाल नवे रबर आणि नवी केबल. वीस-तीस वर्षांचे रबर दगड झालेले असतात. किंचाळणं थांबवायला रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा कागदाच्या जाडीइतकं आधी टेकेल असं वळवा.

डाउन ट्यूबवरचे लिव्हर कसे वापरायचे? गिअर आपोआप बदलतो.

आपोआप बदलत असेल तर लिव्हरचा स्क्रू सैल आहे, हाताने आवळा. टप्प्यांनी गिअर बदलणारी पद्धत शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसवर आणली. त्याआधीच्या लिव्हरला टप्पे नसतात. पायावरचा जोर क्षणभर कमी करा, लिव्हर हव्या जागेच्या थोडी पुढे न्या, चेन चढली की आवाज बंद होईपर्यंत मागे आणा. आठवडाभरात हात स्वतःच शिकतो. चढ लागण्याआधी गिअर बदला, चढावर नाही.

ट्रॅक फ्रेम आणि रोड फ्रेम यांत नेमका फरक काय?

ट्रॅक फ्रेमचं मागचं चाक मागच्या दिशेला उघड्या असलेल्या फटीत बसतं, अंतर १२०, डिरेल्युअरचा हँगर नाही, बऱ्याचदा ब्रेकचं भोकही नाही. बॉटम ब्रॅकेट थोडं उंच असतं, कारण तिथे पॅडल मारणं थांबवता येत नाही आणि उतरत्या पृष्ठभागावर पॅडल घासून चालत नाही. फ्रेमच्या नळ्या जास्त उभ्या, फोर्कचा पुढचा बाक कमी. म्हणून सायकल चटकन वळते आणि खडबडीत रस्त्यावर थकवते. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते कोल्नागोने बनवलेल्या स्टीलच्या ट्रॅक सायकलीवर, ५२ गुणिले १४ गिअरवर, म्हणजे पुढच्या चक्राला ५२ दात आणि मागच्याला १४. १९४८ साली सुरू झालेल्या जपानच्या केरिन या ट्रॅक शर्यतींत, पुरुषांच्या नेहमीच्या शर्यतींना तरी, अजूनही मान्यताप्राप्त स्टील फ्रेमच चालतात.

जुन्या रोड फ्रेमची फिक्स्ड सायकल (चाक फिरतं तोवर पॅडलही फिरतच राहतं अशी) करता येईल का?

ड्रॉपआउटची फट आडवी किंवा तिरकी असेल तर हो, कारण चेनचा ताण चाक मागे सरकवूनच येतो. उभी फट असेल तर नाद सोडा.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. फ्रीव्हीलच्या (पॅडल थांबवलं तरी चाक मोकळं फिरू देणारं चक्र) हबचे आटे आणि ट्रॅक चक्राचे आटे एकच आहेत, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. त्यामुळे ट्रॅक चक्र फ्रीव्हीलच्या हबवर मस्त चढतं आणि काम झालं असं वाटतं. पण खऱ्या ट्रॅक हबला बाहेरच्या बाजूला आणखी एक लहान, उलट्या आट्यांची पायरी असते. तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे चक्राला अडवून धरणारी कडी, बसतं. पायाने मागे जोर दिला की चक्र सुटायला बघतं आणि उलट्या आट्यांचं लॉकरिंग त्याला अडवतं. फ्रीव्हीलच्या हबला ही पायरी नाही. बॉटम ब्रॅकेटचं लॉकरिंग लावून आणि आटे चिकटवणारा गोंद ओतून लोक ही उणीव झाकतात. मी त्यावर बसणार नाही आणि कुणाला बसू देणार नाही. थांबवायच्या नेमक्या क्षणी चक्र सुटतं आणि पायात काहीच उरत नाही. खरं ट्रॅक हब घ्या. आणि रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच, पाय कितीही मजबूत असले तरी.

सुरुवातीला कोणता गिअर?

४६ गुणिले १७ छान. एका फेरीला साधारण ५.७ मीटर, मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ३१ च्या आसपास. ४८ गुणिले १६ ऐकायला जवळचं वाटतं, पण ते बरोबर तीनास एक आहे. मागचं चाक घसरवून थांबणाऱ्यांचा टायर मग दर वेळी एकाच जागी घासतो. ४६ आणि १७ या अपूर्णांकाला संक्षेप देता येत नाही, म्हणून घसरण्याच्या १७ वेगवेगळ्या जागा मिळतात.

फिक्स्डची चेन किती ताणू?

मधोमध वर-खाली मिळून साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. क्रँक पूर्ण फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे मोजा, कारण पुढचं चक्र क्वचितच अगदी मध्यावर बसलेलं असतं. त्याचे बोल्ट किंचित सैल करून हलक्या टिचक्यांनी मध्यावर आणता येतं.

चाक फिरत असताना चेन कधीही फडक्याने पुसू नका. फिक्स्ड चाक बोट अडकलं म्हणून थांबत नाही. फिरत्या चाकाच्या जोराने बोट चक्रात ओढलं जातं आणि अशाने लोकांची बोटं तुटली आहेत. हे वाक्य दोनदा वाचा.

सीटची उंची कशी ठरवू?

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, मांडीच्या आतल्या बाजूने जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत तेवढं अंतर. ८० सेंमी.ला ७०.६. ही फक्त सुरुवात आहे. नितंब डावी-उजवीकडे हलत असतील तर सीट खाली घ्या.

लगचा (दोन नळ्या जोडणारी बाहेरची खोबण) सांधा उघडलाय किंवा नळीला भेग आहे. दुरुस्त होतं?

फ्रेमचं होतं, हाच स्टीलचा मोठा गुण. सुटलेला सांधा पुन्हा ब्रेझ करता येतो (नळी न वितळवता वितळलेल्या पितळाने किंवा चांदीच्या मिश्रधातूने जोडता येतो), पूर्ण नळीही बदलता येते. पितळाने जोडताना साधारण ९०० अंश सेल्सिअस लागतात, चांदीच्या मिश्रधातूने ७०० च्या आत काम होतं. पातळ नळीला कमी उष्णता बरी, म्हणून हे काम सायकलच्या फ्रेम जोडणाऱ्याकडेच द्या. गेटं आणि ग्रिल वेल्ड करणारा हात कितीही चांगला असला तरी ०.६ मि.मी.च्या भिंतीत भोक पाडतो. भेग फोर्कला असेल तर मात्र दुरुस्ती नको. फोर्क बदला.

पहिल्यांदा ट्रॅकवर जातोय. काय लक्षात ठेवू?

सायकलीला ब्रेक नसावेत, नट पक्के हवेत, पाय पॅडलला बांधलेले हवेत. २५० मीटरच्या ट्रॅकवर वळणाचा उतार ४२ अंशांच्या आसपास असतो आणि खालून बघताना भिंतच वाटतो. वेग असेल तरच सायकल त्यावर टिकून राहते. ताशी साधारण ३० च्या खाली गेलात तर टायर घसरू शकतो, म्हणून वळणाआधी वेग वाढवा आणि वळणात पाय सैल सोडू नका. फेऱ्या घड्याळाच्या उलट दिशेने. सगळ्यात खाली काळी मोजणीची रेषा, तिच्या वर लाल, त्याच्याही वर निळी. लाल आणि काळ्या रेषेमधल्या वेगवान सायकलस्वारांच्या पुढे अचानक खाली उतरू नका. हळू जायचं तर निळ्या रेषेच्या वर राहा. ओव्हरटेक उजवीकडून, आणि जागा बदलण्याआधी दर वेळी खांद्यावरून मागे बघा.

थांबताना सरळ भागातच वेग कमी करा, दोन-तीन फेऱ्या घेत हळूहळू खाली सपाटीवर या, कठड्याला हात लागेपर्यंत पाय फिरते ठेवा, आणि कठडा घट्ट धरल्यावरच पट्टा सोडा.